पॅड घरी बदलता येतात, पण त्या संदेशात सांगितलंय तसे नाही

गाडीचे ब्रेक पॅड घरीच अर्ध्या तासात बदला, असा एक संदेश सध्या गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय. गाडी जॅकवर घ्या, दोन बोल्ट काढा, पिस्टन (पॅडला डिस्कवर ढकलणारा दट्ट्या) आत दाबा, नवे पॅड टाका. डिस्क (चाकासोबत फिरणारी, पॅड जिला आवळतात ती लोखंडी चकती) कधीच बदलावी लागत नाही, ती मिस्त्रीची लूट. धूळ पेट्रोलने धुवा. सारांश एवढाच.

घरी जमतं, हे खरं. ऐन पेरणीत तालुक्याला गाडी नेण्यात ज्याचा दिवस मोडतो, त्यानं हे काम शिकावंच. पण पुढच्या चाकांपुरतं. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतात, त्यांचं काम वेगळं. मागे डिस्क असली तरी बऱ्याच गाड्यांचा पिस्टन नुसता दाबून जात नाही, फिरवत आत घ्यावा लागतो.

जॅकवर घ्या, हे सांगणाऱ्यानं आपली काळी माती पाहिलेली दिसत नाही. वरून कडक वाटते, खाली ओल असली की जॅकचं बूड रुतत जातं आणि गाडी कलते. काम सपाट सिमेंटवरच करा. मागच्या चाकांना दगड लावा, नट गाडी खाली असतानाच सैल करा. गाडीसोबत मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. गाडी जॅक स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली हात घालू नका. काढलेलं चाकही गाडीखाली सरकवून ठेवा.

आता डिस्क. मिस्त्री प्रत्येक वेळी नवीच घ्या म्हणत असेल, तर तेही बरोबर नाही. जाडी पुरेशी असेल, चिरा किंवा खोल चरे नसतील, तर जुनी चालते. पण ‘कधीच नाही’ हे धादांत खोटं आहे. चालेल अशी किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. मोजताना कडेचा न झिजलेला काठ टाळा, नाहीतर माप जास्त येतं. किमान जाडीखाली गेलेल्या डिस्कमध्ये उष्णता सामावून घ्यायला धातूच कमी उरतो, म्हणून ती लवकर तापते. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला, तर ही उष्णता पॅडमधून, पेडलचा दाब चाकापर्यंत नेणाऱ्या ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ताजं डॉट 3 प्रतीचं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही; हवेतला ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा 140 अंश. डॉट 4 ची 230 आणि 155. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल नुसतं खाली जातं. ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि संदेशात त्याचा शब्दही नाही!

पिस्टन दाबताना ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल वर चढतं. त्यावर लक्ष ठेवा, सांडलं तर रंग खातं. कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं बांधा.

पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांनी कॅलिपरची रबरं फुगतात. ब्रेक क्लीनरच वापरा. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेलही त्यानंच पुसायचं. धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू नका, ती छातीत जाते.

पॅड नेहमी पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. बोल्ट किती आवळायचे हे गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत पाहा आणि टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) वापरा. अंदाजानं आवळू नका.

सगळ्यात गंभीर चूक शेवटची. पॅड बसले की ‘झालं’, असं तो संदेश म्हणतो. पण पिस्टन मागे सरकलेला असतो, म्हणून पहिल्या वेळी पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा, मग टाकीतलं ऑइल पाहा. त्यानंतर नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून 20 वर, पूर्ण न थांबता, सात-आठदा हळूहळू उतरवा आणि मधे ब्रेक गार होऊ द्या. हे होईपर्यंत घरच्यांना गाडीत बसवू नका.