परिकल्पना परीक्षण म्हणजे पाणी घातलेली अप्रत्यक्ष सिद्धता? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया खोचक आहे, पण मुद्देसूद आहे. म्हणून ‘धन्यवाद, विचार करतो’ म्हणून वाटेला न लावता सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नाणं समतोल आहे का हे २० फेकींवरून कसं तपासायचं, यावर मी लिहिलं होतं: छापे १५ किंवा जास्त, नाहीतर ५ किंवा कमी पडले तर शून्य परिकल्पना, म्हणजे ‘नाणं समतोल आहे’ हे तपासायला घेतलेलं विधान, नाकारायची. त्यावर तुमचं म्हणणं असं, की ही गणितातली अप्रत्यक्ष सिद्धताच आहे, फक्त पाणी घातलेली. ‘नाकारता येत नाही’ ही निव्वळ शब्दांची कसरत आहे, सरळ ‘स्वीकारली’ म्हणायला काय जातं? आणि ५ टक्के ही पातळी (समतोल नाणं चुकून नाकारलं जाण्याची जास्तीत जास्त चालवून घ्यायची संभाव्यता) कुणीतरी ठरवली म्हणून आली, तीसुद्धा माझ्या उदाहरणात नीट गाठली जात नाही, ४.१४ टक्क्यांवर अडकते. गणिताच्या विद्यार्थ्याने असल्या गोष्टीत वेळ का घालवावा, हा तुमचा शेवटचा टोला.

आधी अप्रत्यक्ष सिद्धतेचं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. तिथे आपण विधान खरं धरतो, त्यातून विसंगती निघते, विधान पडतं. तुम्ही म्हणता, ‘अशक्य’च्या जागी ‘फार कमी संभाव्यतेचं’ घाला, की झालं परीक्षण. बरं, घालून बघू. नाणं समतोल असेल तर २० फेकींचा कुठलाही एक ठरावीक क्रम येण्याची संभाव्यता १/१०,४८,५७६. आता नाणं उडवा. जो क्रम येईल तो दहा लाखांत एकदासुद्धा धड न येणारा. म्हणजे तुमच्या नियमाने शून्य परिकल्पना दर वेळी खोटी ठरणार, आणि हे नाणं हातात घेण्याआधीच ठाऊक! विरळ घटना घडली एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. विरळ काहीतरी घडतंच.

मग १५ छाप्यांना आपण ‘टोकाचं’ म्हणतो ते कशाच्या जोरावर? शून्य परिकल्पना ते सांगू शकत नाही, तिच्या लेखी सगळे क्रम सारखेच. टोक कुठे आहे हे सांगते ती पर्यायी परिकल्पना, म्हणजे शून्य परिकल्पना खोटी असेल तर त्याऐवजी काय खरं असू शकतं याचं विधान. समजा क्रम असा आला: छापा, काटा, छापा, काटा, अगदी शेवटपर्यंत आळीपाळीने. छापे बरोबर १०. छापे मोजणाऱ्या परीक्षणाच्या दृष्टीने याहून समतोल नाणं नाही, पी-व्हॅल्यू (शून्य परिकल्पना खरी धरली तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची संभाव्यता) थेट १. पण कुठलाही शहाणा माणूस म्हणेल की इथे फेकी एकमेकींपासून स्वतंत्र दिसत नाहीत. पूर्ण आळीपाळीचे क्रम दहा लाखांत फक्त दोन. ‘फेकी स्वतंत्र नाहीत’ हा पर्याय डोळ्यांसमोर असता, तर हाच क्रम सगळ्यात टोकाचा ठरला असता. डेटा तोच, शून्य परिकल्पना तीच, निष्कर्ष उलटा. अप्रत्यक्ष सिद्धतेत असं होतं का कधी?

तुम्हाला गणित हवंय ना, ते इथे आहे. नमुना अवकाशात, म्हणजे शक्य असलेल्या सगळ्या क्रमांच्या संचात, २ चा २० वा घात इतके बिंदू आहेत. परीक्षण म्हणजे त्यातला एक उपसंच, नकारक्षेत्र: निकाल त्यात पडला की शून्य परिकल्पना नाकारायची. अट अशी की नाणं समतोल असताना या उपसंचाची संभाव्यता ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नसावी. ही अट पाळणारे उपसंच ढिगाने आहेत. त्यांतला कुठला निवडायचा? पर्यायी परिकल्पनेखाली ज्याची संभाव्यता सर्वांत मोठी असेल तो. मर्यादेखाली महत्तम शोधण्याचा हा स्वच्छ प्रश्न आहे आणि नेमन व एगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ साली तो सोडवला. (काय-वर्ग परीक्षणवाले कार्ल पिअर्सन हे एगॉनचे वडील. तोंडी परीक्षेत ही गल्लत हमखास होते.) उत्तर असं: दोन्ही परिकल्पनांखालच्या संभाव्यतांचं गुणोत्तर काढा आणि ते जिथे मोठं आहे ते बिंदू आधी उचला. छाप्याची संभाव्यता ०.५ विरुद्ध ०.६ असेल तर क्ष छाप्यांसाठी हे गुणोत्तर (०.८) चा २० वा घात गुणिले (१.५) चा क्ष वा घात येतं. क्ष वाढला की गुणोत्तर वाढतं, म्हणून छापे मोजायचे आणि वरच्या टोकाला नाकारायचं. ०.६ च्या जागी ०.७ घ्या, क्रम बदलत नाही. छापे मोजणं हा रिवाज नाही, ते सिद्ध करता येतं. दोन्ही बाजूंचा पर्याय घेतला की मात्र सर्वांवर मात करणारं एकच परीक्षण उरत नाही, तिथे तडजोड आहे.

आता ‘स्वीकारली’ म्हणायला काय जातं ते. समजा नाणं खरोखरच खोटं आहे, छाप्याची संभाव्यता ०.६. आपलं परीक्षण त्याला पकडेल याची संभाव्यता किती? मोजून बघा, फक्त ०.१२७ येते. म्हणजे असलं नाणं शंभरात ८७ वेळा आपल्या हातावर तुरी देऊन निघून जाणार. प्रत्येक वेळी तुम्ही ‘समतोल असल्याचं स्वीकारलं’ असा दाखला देणार का? २०० फेकी घ्या, छापे ११५ किंवा जास्त, नाहीतर ८५ किंवा कमी असताना नाकारा, की हीच पकड ८० टक्क्यांच्या आसपास जाते. तिथे ‘नाणं ०.६ इतकं तरी वाकडं नसावं’ असं म्हणायला थोडा आधार आहे. ‘नाकारता येत नाही’ या शब्दांचं वजन परीक्षणाच्या पकडीवर ठरतं, आणि पकड किती ते न सांगता नुसते हे शब्द लिहिणं मलाही खटकतं. उत्तरपत्रिकेत ती कुणी मागत नाही, हे दुर्दैव.

याच आकड्यांतून तुमचं आणखी एक वाक्य तपासता येतं: ‘पी-व्हॅल्यू ४ टक्के म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ४ टक्के, यात न कळण्यासारखं काय आहे?’ एका पिशवीत १००० नाणी घ्या, ९०० समतोल, १०० नाणी ०.६ वाली. प्रत्येक २० वेळा उडवा. समतोल नाण्यांपैकी साधारण ३७ उगाच नाकारली जातील, वाकड्यांपैकी जेमतेम १३ सापडतील. नाकारलेल्या ५० नाण्यांत सुमारे तीन-चतुर्थांश बिचारी निर्दोष. तुमचे ४ टक्के कुठे गेले? ते ९०० पैकी मोजलेले होते, तुम्ही ते ५० पैकी समजलात. बेजचा सिद्धांत (निकाल दिसल्यावर परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता काढण्याचा नियम) तुम्ही आमच्यापेक्षा चांगला शिकला असाल, इथे तो फक्त वापरायचा आहे.

५ टक्क्यांबद्दल फारसा वाद नाही. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९२५ च्या पुस्तकात ‘वीसात एक’ ही मर्यादा सोयीची म्हणून घेतली आणि पुढे लोकांनी तिची आरती सुरू केली. कणभौतिकीत पाच सिग्मा मागतात, म्हणजे सुमारे ३५ लाखांत एक. २०१२ मध्ये हिग्ज कणाची घोषणा त्याच निकषावर झाली. संपूर्ण जनुकसंच चाळताना दोन कोटींत एक ही मर्यादा असते, कारण तिथे एका दमात लाखो परीक्षणं होतात. मर्यादा प्रश्न विचारणाऱ्याने आणायची असते, प्रमेय ती देत नाही.

आणि ४.१४ चं दुखणं? छापे १४ किंवा ६ आले की सुमारे ०.११६ संभाव्यतेने नाकारायचं, असा नियम जोडा, पातळी बरोब्बर ५ टक्के होते. नेमन-पिअर्सन प्रमेयाच्या पूर्ण रूपात ही तरतूद आहेच. व्यवहारात हे कुणी करत नाही, आणि करूही नये असं माझं मत. एकाच डेटावर चिठ्ठी टाकून निष्कर्ष बदलणं कुणाला पटेल?

खरं सांगायचं तर तुमच्या हातून सर्वांत धारदार आक्षेप निसटला, तो मीच देतो. १२ फेकींत ९ छापे, ३ काटे. फेकी १२ च करायच्या असं आधी ठरलं असेल तर एकतर्फी पी-व्हॅल्यू २९९/४०९६, म्हणजे ०.०७३. ‘तिसरा काटा पडेपर्यंत उडवायचं’ असं ठरलं असेल, आणि तो बाराव्या फेकीला पडला, तर ६७/२०४८, म्हणजे ०.०३३. फेकी त्याच, क्रम तोच, नाणं तेच. एकदा नाकारता येत नाही, एकदा येतं, आणि फरक फक्त उडवणाऱ्याच्या मनातल्या बेताचा. शक्यता फलन (छाप्याची संभाव्यता बदलली तर मिळालेला डेटा येण्याची संभाव्यता कशी बदलते ते सांगणारं सूत्र) तर दोन्हीकडे, स्थिरांक सोडल्यास, एकच आहे. सगळा निष्कर्ष बेजच्या सिद्धांतावरून, म्हणजे या फलनातूनच काढणारे बेजवादी यावर हसतात. परीक्षण हा आधी ठरवलेला नियम आहे, त्यामुळे नियम बदलला की आकडा बदलणारच, असं माझं उत्तर. ते तुम्हाला पुरेसं वाटतं का, हे वाचायला आवडेल.