पेटीचे २०० की पिअर्सनचे १०५?

नासकार म्हणजे अमेरिकेतली मोटारींच्या शर्यतींची मालिका. तिचा सगळ्यात मोठा ड्रायव्हर कोण, असं विचारलं की बहुतेक जण डोळे मिटून रिचर्ड पेटीचं नाव घेतात. २०० विजय, ७ अजिंक्यपदं, ७ वेळा डेटोना ५००, म्हणजे नासकारची सगळ्यात मानाची शर्यत. अमेरिकेत त्याला 'किंग' म्हणतात. मला विचाराल तर पहिलं नाव डेव्हिड पिअर्सनचं. १०५ विजय, यादीत दुसरा.

आधी हिशोब. पेटी ११८० हून जास्त शर्यती धावला, पिअर्सन फक्त ५७४. म्हणजे विजयाचं प्रमाण पेटीचं सुमारे १७ टक्के, पिअर्सनचं १८ च्या वर. क्रिकेटमध्ये आपण एकूण धावांसोबत सरासरीही बघतो ना, मग इथे का नाही?

पेटीचे बरेच विजय १९७२ च्या आधीचे आहेत. तेव्हा हंगाम प्रचंड लांब असायचा, १९६४ मध्ये तर ६२ शर्यती झाल्या. कित्येक शर्यती छोट्या मातीच्या ट्रॅकवर, शंभरेक मैलांच्या. १९७२ ला वेळापत्रक ३१ वर आलं. आज वर्षाला ३६ शर्यती होतात आणि ७ अजिंक्यपदं मिळवणारा जिमी जॉन्सनसुद्धा ८३ विजयांवर थांबला. २०० चा आकडा आता कुणी गाठणार नाही. तरी १९६७ मध्ये पेटीने ४८ पैकी २७ शर्यती जिंकल्या, त्यातल्या १० सलग. याला कमी लेखणाऱ्याशी मी भांडेन.

पण हे दोघं समोरासमोर आले तेव्हा काय झालं? ६३ वेळा पहिला आणि दुसरा नंबर या दोघांनीच वाटून घेतला. त्यात ३३ वेळा पिअर्सन पुढे, ३० वेळा पेटी.

त्यातली ४ जुलै १९७४ ची डेटोनाची शर्यत मला सगळ्यात प्रिय. तिथे पुढच्या गाडीच्या अगदी मागे चिकटून राहिलं की हवेचा विरोध कमी होतो आणि मागचा ऐन वेळी झेप घेऊन पुढे निघतो. त्यामुळे शेवटच्या लॅपला आघाडीवर असणं म्हणजे सापळाच. पिअर्सन आघाडीवर होता, पेटी मागे. शेवटचा लॅप सुरू होताच पिअर्सनने एकदम अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. इंजिन गेलं असं वाटून पेटी पुढे निघून गेला. पिअर्सनने पुन्हा वेग घेतला, त्याला गाठलं आणि रेषेच्या आधी मागे टाकलं. पेटी भयंकर चिडला, पत्रकारांसमोर बोललाही. मला मात्र त्या क्षणी पाय उचलायचं धाडस थक्क करतं. मागे पूर्ण वेगात गाडी असताना हे करायचं!

१९७६ ची डेटोना ५०० तर सगळ्यांना माहीत आहे. शेवटच्या वळणावर दोघांची टक्कर, दोघंही भिंतीवर आदळून गवतात. पेटीची गाडी रेषेच्या थोडी आधी बंद पडली. पिअर्सनने त्या गोंधळातही क्लच दाबून इंजिन चालू ठेवलं होतं. चेपलेली गाडी रांगत रांगत रेषेपार नेली आणि शर्यत जिंकली. गाडी गरगरत असताना क्लच आठवणारा माणूस!

अजिंक्यपदं ७ विरुद्ध ३, हा युक्तिवाद लगेच येईल. पण पिअर्सन पूर्ण हंगाम फार कमी वेळा धावला. वुड ब्रदर्सच्या संघात तो निवडक, मोठ्या शर्यतींतच उतरायचा. १९७३ मध्ये १८ शर्यतींत ११ विजय! गुणांची बेरीज करत वर्षभर सगळीकडे धावलाच नाही, तर अजिंक्यपद कुठून मिळणार?

आणि म्हणूनच नासकारच्या दिग्गजांचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमचा राग अजून जात नाही. २०१० च्या पहिल्या तुकडीत पाच नावं. पेटी, डेल अर्नहार्ट, ज्युनियर जॉन्सन हे तीन ड्रायव्हर आणि नासकार चालवणारे फ्रान्स पिता-पुत्र. बिल फ्रान्स सीनियरने नासकार उभं केलं, त्याचं नाव हवंच. पण मुलाची जागा एक वर्ष थांबू शकली असती. थांबायला लागलं १०५ शर्यती जिंकणाऱ्या माणसाला, २०११ पर्यंत.