पोलीस ठाण्यातली मारहाण अन् लंडनचं कोर्ट

कापूस वेचणीच्या दिवसांतही आर्वीच्या कोर्टात तारखा चुकत नाहीत. कोर्टासमोरच्या पानठेल्यावर गेल्या पंधरवड्यात तिघा कास्तकारांनी मला एकच मेसेज दाखवला. "वकीलसाहेब, हे खरं हाय का जी?"

मेसेज असा: परदेशात पळालेल्या सेठने तिथल्या कोर्टात एवढंच म्हणायचं, की आमच्या पोलिसांनी साक्षीदारांना मारून खोटे जबाब घेतले. झालं, प्रत्यार्पण रद्द! ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च कोर्ट) १९९३ मध्येच तसा निकाल दिलाय. म्हणून एकही पळपुटा परत येत नाही.

आधी १९९३. निकाल खरा आहे, वाचलाय मात्र उलटा. बेनेट नावाच्या न्यूझीलंडच्या माणसाचं म्हणणं होतं, की पोलिसांनी संगनमत करून, प्रत्यार्पणाची रीतसर वाट टाळून, त्याला दक्षिण आफ्रिकेतून ब्रिटनमध्ये आणलं. लॉर्ड्स म्हणाले, हे खरं असेल तर ब्रिटनमधला खटला थांबवता येतो. म्हणजे प्रत्यार्पण केलंच नाही, हाच तिथला आक्षेप होता.

"एवढंच म्हणायचं" हेही चूक. टॉलमन प्रकरणात २००६ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने पायऱ्या घालून दिल्या. आरोपीने आधी सांगायचं, समोरच्या पक्षाने नेमकं काय केलं. ते खरं धरलं तर तो न्यायप्रक्रियेचा गैरवापर ठरतो का? तसं मानायला वाजवी आधार आहे का? एवढं पार पडलं तरच, गैरवापर झाला नाही अशी खात्री पटल्याशिवाय न्यायाधीश पुढे जात नाहीत.

आता मारहाणीचं. मेसेजवाल्याला हे प्रकरण ठाऊक असतं तर त्याने मेसेज लिहिलाच नसता. २००७ मध्ये ग्रीसच्या झाकिंथोस बेटावर एका नाइटक्लबमध्ये एक ब्रिटिश तरुण पडून मेला. आरोप आला अँड्र्यू सिमियू या ब्रिटिश विद्यार्थ्यावर. त्याचे मित्र सांगत होते, ग्रीक पोलिसांनी आम्हाला मारलं आणि जबाबावर सह्या घेतल्या. २००९ मध्ये लंडनचं हायकोर्ट म्हणालं, गैरवापर बघायचा तो आमच्या प्रत्यार्पण प्रक्रियेचा. ग्रीक पोलिसांनी तपासात काय केलं, ते ग्रीसच्या खटल्यात मांडा. पोराला पाठवलं. तो जवळपास ११ महिने तिथल्या तुरुंगात होता आणि २०११ मध्ये निर्दोष सुटला. मला हा नियम निष्ठुर वाटतो, पण नियम हाच आहे, आणि तो मेसेजच्या नेमका विरुद्ध आहे.

भारताला ब्रिटनमध्ये निदान सकृद्दर्शनी पुरावा तरी दाखवावा लागतो. युरोपीय अटक वॉरंटमुळे ग्रीसला तेही लागलं नाही. विजय मल्ल्याच्या वकिलांनी तिथेच बोट ठेवलं, की साक्षीदारांचे तपासात घेतलेले (कलम १६१ चे) जबाब एकमेकांच्या नकला आहेत. (आमच्या तालुक्यात हे ऐकून कोणी मान वर करून बघणार नाही.) तरीही डिसेंबर २०१८ मध्ये निकाल मल्ल्याविरुद्ध गेला आणि एप्रिल २०२० मध्ये अपीलही फेटाळलं. तो अजून आलेला नाही, त्याला ब्रिटन सरकार एका गोपनीय कायदेशीर बाबीचं कारण देतं.

"एकही येत नाही"? अबू सालेम २००५ मध्ये पोर्तुगालहून आला, २६/११ चा आरोपी तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेहून.

मेसेजमध्ये खऱ्याचा एक दाणा आहे, तो भलत्याच जागी पेरलाय. परदेशी कोर्ट अडतं ते बहुधा पोलिसांनी काल काय केलं यावर नाही. परत पाठवल्यावर उद्या काय होईल यावर अडतं. शस्त्रदलाल संजय भंडारीला फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने प्रत्यार्पणातून सोडलं, त्यात एक कारण होतं तिहारमध्ये कैद्यांकडून किंवा कर्मचाऱ्यांकडून खंडणी आणि हिंसेचा धोका. १९९५ मध्ये पुरुलियात विमानातून शस्त्रं टाकल्याच्या प्रकरणातल्या किम डेव्हीचं प्रत्यार्पण डेन्मार्कने २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये छळाच्या धोक्यामुळे नाकारलं. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. परदेशातले बचावाचे वकील ते कोर्टात सांगणारच.

मेसेजवाल्याने हे लिहिलं असतं तर मीही तो चार ग्रुपवर टाकला असता.