सत्तर पानं

आज एका सभागृहात 'ग्रामीण दारिद्र्य आणि शाश्वत विकास' ऐकून आले. एसी असा की बायका पदर लपेटून बसलेल्या. तिसरे वक्ते म्हणाले, "आदिवासींना आधी जंगलाचं महत्त्व पटवून द्यायला हवं." टाळ्या! मी उठलेच. चहासुद्धा घेतला नाही. (घ्यायला हवा होता, डोकं अजून ठणकतंय.)

गडचिरोलीत एका मे महिन्यात तेंदूच्या (विडीच्या पानांच्या) हंगामात होते. अंगणात एक आजी पुडकी बांधत होत्या, मीही हौसेनं एक बांधलं. त्यांनी ते हातात नुसतं तोललं, सोडलं आणि पानं मोजली. त्रेसष्ट. "सत्तर पायजे वो बाई. कमी भरलं तं फळीवर आमचंच नाव खराब." (फळी म्हणजे पुडकी मोजून घेतात ती जागा.)

आता या बाईंना कोण काय पटवून देणार? एसीतले साहेब?

यांना अक्कल कमी नव्हती हो, हक्क नव्हता. वनहक्क कायदा २००६ चा. बांबू गौण वनोपजात, म्हणजे गावकऱ्यांना गोळा करून विकता येणाऱ्या वनमालात, येतो हे त्यात स्वच्छ लिहिलंय. गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबू गावाबाहेर न्यायचा तर पास वनखात्याकडेच! २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण आणि वनमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा कुठे ते पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. एका पुस्तकासाठी दिल्लीहून मंत्री यावा लागतो, आणि मागास कोण? तर गाव.

हो, माहितीये, ग्रामसभांत भांडणं होतात, काही ठिकाणी ठेकेदारांनी पैसे बुडवलेत. पण बुडवणारा ठेकेदार, आणि प्रशिक्षण द्यायचं म्हणे ग्रामसभेला?

आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव बघा. २०१२ मध्ये हक्क मिळाला, बांबू स्वतः विकायला लागले, गावातच मजुरी मिळायला लागली. मग तेंदू तोडायचा नाही असं गावानंच ठरवलं. तेंदूसाठी छाटणी होते, आगी लावल्या जातात, जंगलाचं नुकसान होतं म्हणून. हातात येणारा पैसा सोडला त्यांनी! जंगलाचं महत्त्व म्हणे.

जाऊ दे. ते वक्ते माणूस म्हणून वाईट नसतील. मीही त्या अंगणात गेले तेव्हा माझ्या पिशवीत माहितीपत्रकंच होती, वाटायला आणलेली. बाहेर काढली नाहीत, एवढंच.

आजींनी स्वतःच्या ढिगातली सात पानं माझ्या पुडक्यात घातली, पुन्हा बांधलं, रांगेत ठेवलं. मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "तुला पगार किती हाय वो?"

मी सांगितला नाही.