पुन्हा नंबर सांगा? का सांगा?

बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी दोन दाबा. दाबलं. सोळा आकडी कार्ड नंबर टाका. टाकला. जन्मतारीख? घ्या तीही. मग युगभर ती बासरी ऐका, आणि शेवटी गोड आवाज: "सर, कार्ड नंबर सांगता का?" अहो, मग मघाशी बटणं कशाला बडवून घेतलीत?

होतं असं की पाऊस कोसळतो, लोकल थांबतात, बँकेच्या मालाडच्या कॉल सेंटरात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. रांग तुंबली की कॉल ऐरोलीच्या दुसऱ्या सेंटरात ढकला! कॉल जातो, तुम्ही टाकलेली माहिती मालाडलाच. ती सोबत न्यायला एसआयपीत (इंटरनेटवरून कॉल जोडायची पद्धत) 'यूजर-टू-यूजर' हेडर, म्हणजे कॉलला जोडलेली चिठ्ठी, आहे, २०१५ पासून आरएफसी ७४३३ हे मानक आहे. पण वाटेतल्या एसबीसीवर (नेटवर्कच्या वेशीवरचा पहारेकरी) ते पुढे सोडायची सेटिंग करणार कोण? तिथेच कापलं जातं. बरं, हेडर नको? माहिती सामायिक डेटाबेसात ठेवा, राखीव नंबरांपैकी एक मोकळा नंबर त्या कॉलला द्या, पलीकडे त्याच नंबरावरून नोंद उचला. जुनी युक्ती. (नंबर वेळेत मोकळा करा हं, नाहीतर शिंद्यांच्या कॉलवर पाटलांचं कर्ज उघडतं.) तेवढंही जड?

वर ऐरोलीच्या स्क्रीनवर ग्राहकाच्या जागी मालाडचाच नंबर. कॉल तुटला तर उलट फोन कुणाला लावणार, स्वतःलाच? प्रतीक्षेचं घड्याळही तिथे शून्यापासून सुरू. रिपोर्टात मात्र त्या एकाच कॉलचे ऐटीत: दोन कॉल, दोन्ही वेळेत उचलले!