कामून?

आमच्याकडं माणूस गप्प बसला की पहिला प्रश्न ठरलेला. "कामून रे, काय झालं?" दुसराही ठरलेला. "तुला काय कमी हाय?" या दोन प्रश्नांच्या मधे मी डिप्रेशन घेऊन दीड वर्ष अडकून पडलो होतो, म्हणून हे लांबलचक लिहायलोय. वेळ नसेल त्यांनी लाइक ठोकून पुढं जावं, राग नाही.

सेलूत माझं मेडिकल आहे, 21 वर्षं झाली. डिप्रेशनच्या गोळ्यांचे हजारो पत्ते या हातानं दिलेत. ती चिठ्ठी घेऊन येणारं गिऱ्हाईक लांबून ओळखू येतं. चिठ्ठीला चार घड्या. काउंटरवर दुसरं कुणी नसलं की मग ती पुढं सरकते, आणि पिशवी काळीच लागते. काही जण तर चिठ्ठीसुद्धा आणत नाहीत. "अंग गळून गेलंय, टॉनिक द्या", "छातीत धडधड व्हायली", "डॉक्टरला सांगा एक सलाईन लावा." उदास वाटतंय असं आमच्या भागात कुणी म्हणत नाही. करमत नाही म्हणतात, नाहीतर सरळ पाठ दुखते.

2021 च्या एप्रिलात लोक रात्री दोनला शटर वाजवायचे. रेमडेसिव्हिर पाहिजे. कुठंच नव्हतं. एका बापानं बायकोच्या पाटल्या काउंटरवर आणून ठेवल्या. तेव्हा मी धडधाकट होतो, रोज सोळा तास उभा. मला जे झालं ते पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर. दुकान चालू, पोरगी लातूरला शिकायला, डोक्यावर कर्ज नाही. आणि पहाटे साडेतीनला टक्क जाग. पंख्याकडं बघत पडून राहायचं. ज्या कप्प्यातून इतकी वर्षं डोळे मिटून औषध काढलं, तो कप्पाच आठवेना.

कामून, याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. उत्तर नाही म्हणजे आजार नाही, नुसती नाटकं, हा हिशोब आधी मीच मांडला. लोकांनी नंतर. आमच्या घरच्यांना मात्र फार आधी कळलं होतं. "चहात साखर कमी पडली तरी तुम्ही भांडेनात, तवाच म्हणलं काहीतरी बिघडलंय."

परभणी जवळ आहे, पण तिथले डॉक्टर ओळखीचे, औषध कंपन्यांचे एमआर ओळखीचे. म्हणून नांदेड गाठलं. वेटिंगमधे बसलो, शेजारी बघतो तर आमच्याच गल्लीतला किराणावाला. तो म्हणाला, पाव्हण्याला बघायला आलतो. मी म्हणालो, पेमेंटला आलो. दोघंही दोन तास तिथंच बसून.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. थायरॉईड, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन बी-12. ही पायरी लोकांना माहीतच नसते. थायरॉईड मंदावलं तरी माणूस असाच मरगळतो, आणि माझ्यासारख्या माळकरी, शाकाहारी घरात बी-12 कमी असणं नवलाचं नाही. माझं कमीच निघालं. इंजेक्शनं झाली, हातापायातल्या मुंग्या गेल्या, पहाटेचे साडेतीन तसेच राहिले. मग त्यांनी घराण्याचं विचारलं, आणि मला एकदम आत्या आठवली. वर्ष वर्ष भिंतीला टेकून बसायची. बाहेरचं आहे म्हणून तिला कुठं कुठं नेलं होतं.

बोअर आटतं ते काय एका उन्हाळ्यानं? आपल्या काळ्या दगडात मुळातच पाणी कमी मुरतं, त्यात पाऊस दगा देतो, त्यात आपण रात्रंदिवस उपसतो. शेवटच्या दिवशी मोटर चालू करणाऱ्याला दोष देऊन काय होणार? डिप्रेशनचंही तसंच.

मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगत आलो की मेंदूत एक रसायन कमी पडतं, सेरोटोनिन. ते इतकं सोपं नाही. 2022 मधे आधीच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा छापून आला, त्यात या समजुतीला भक्कम पुरावा सापडला नाही. मग गोळ्या खोट्या का? नाही. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो, म्हणून पॅरासिटामॉल कमी पडल्यानं ताप आला होता असं कुणी म्हणत नाही. गोळी पुष्कळांना लागू पडते, नेमकी कशी यावर जाणकारांचा वाद चालू आहे.

दुकानदार म्हणून मी काय बघतो ते सांगतो. लोक पहिला पत्ता नेतात, दुसरा नेतात, तिसऱ्याला येत नाहीत. पहिल्या आठवड्यात मळमळतं, डोकं जड होतं, आणि फरक दिसायला दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात. म्हणजे त्रास आधी, आराम नंतर. तिथंच माणूस सोडतो. दुसरे सोडणारे बरं वाटल्यावर सोडतात, तेही एकदम. बरं वाटल्यावरही सहा महिने तरी गोळी चालू ठेवायला सांगतात आणि मग हळूहळू उतरवतात. "सवय लागंल" ही भीती खरी आहे ती झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांबद्दल, आणि नेमक्या त्याच लोक चिठ्ठीशिवाय मागतात!

गोळीसोबत समुपदेशन होतं. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मन लागंल तेव्हा काम करू असं म्हणू नका, काम करा, मन मागून येईल. मला पटलं नव्हतं. रोज एक गोष्ट वहीत लिहून करायची. पहिला आठवडा नुसतं कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जाऊन यायचं. महिन्यानं शेतापर्यंत. त्याच वहीत आठव्या की नवव्या भेटीच्या सुमारास एक वाक्य माझ्या हातून उतरलं: मी त्या पाटल्या परत द्यायला नको होत्या, कुठून तरी औषध आणायला पाहिजे होतं. दीड वर्षानं "कामून"चा एक तुकडा सापडला, तोही बरं वाटायला लागल्यावर. आधी कारण सांग मग आजारी पड, हा आपला नियमच उफराटा आहे.

उलटी बाजूही आहे. 2025 च्या सप्टेंबरात ज्याची जमीन पुरानं खरडून नेली, त्याचं कारण तर शेतात दिसतंय. त्याला "पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्याचा मला राग येतो. त्याला गोळी लागेल, बोलायला माणूस लागेल, आणि पंचनामा, भरपाई, बँकेची मुदतही लागेल. आशाताईंनी घरोघरी जाऊन असा माणूस हेरायचा, हे काम सरकारच्या प्रेरणा प्रकल्पात 14 जिल्ह्यांत ठरलेलं आहे. तुमच्या दारात आल्या तर "आमच्यात कुणी येडं नाही" म्हणून परत पाठवू नका. घरात कुणी फार खचलेलं असेल तर फवारणीचे डबे दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. त्याला एकटं सोडू नका, मनात जीव द्यायचा विचार येतो का हे सरळ विचारा. विचारल्यानं विचार पेरला जात नाही. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलतात.

माझी गोळी आता निम्म्यावर आलीय. काल संध्याकाळी किराणावाला दुकानावर आला. चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यानं चिठ्ठी सरळ काउंटरवर पसरली आणि विचारलं, "तुमची कितीवर आली?" मी सांगितलं. तो म्हणाला, "माझी अजून पूर्णच हाय."