बायोआर्किऑलॉजीसाठी डॉक्टर व्हावं लागत नाही

बायोआर्किऑलॉजी म्हणजे उत्खननात सापडलेल्या प्राचीन माणसांच्या हाडांचा आणि दातांचा अभ्यास. तिच्याबद्दल दादर-परळच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘बायोआर्किऑलॉजी करायची तर आधी एमबीबीएस हवं, आर्ट्सवाल्यांना दारं बंद, आणि भारतात सोयच नाही.’ तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. हा मेसेज वाचून कुणी मुलीला आर्ट्समधून काढू नका.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचे पदवीधर अर्ज करू शकतात. प्राचीन सांगाड्यांच्या अभ्यासाची तिथे जुनी परंपरा आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला त्यांनी ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं एकत्र वापरली जात त्या काळातली, वस्ती खणली. घराच्या जमिनीखाली लहान मुलं तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली सापडली; मोठ्या माणसांची पावलं मात्र घोट्याखाली तोडलेली होती. हे सगळं पुण्यापासून जवळच, घोड नदीकाठी! मुंबईत सेंट झेवियर्समध्ये प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय बी.ए.ला घेता येतो, सुरुवातीला तोही उत्तम.

शरीररचना शिकावी लागते, हे खरं. पण ती या कामापुरती. कंबरेच्या हाडावरून स्त्री की पुरुष, दातांवरून वय. दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, लहानपणी एकदाच तयार होतं, नंतर बदलत नाही. म्हणून त्यातल्या स्ट्रॉन्शियमवरून (जमिनीतून अन्नपाण्यावाटे शरीरात येणारं मूलद्रव्य) माणसाचं बालपण कुठल्या भागात गेलं याचा अंदाज बांधता येतो. एम.ए.नंतर कुणी परदेशात गेलं तर चांगलंच, सक्ती नाही. प्रवेशाच्या तारखा आणि अटी संस्थेच्या माहितीपत्रकातच बघा. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.